सव्वा वाजताचा रुपया

माझी थोरली जाऊ चैत्रात गेली. तिचा फोन मात्र आम्ही बंद पडू दिला नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत, जिथे नेटवर्क धरतं, तिथे तो चार्जिंगला लावलेला असायचा आणि दिवसातून पाच-सात वेळा बोलायचा. आधी जाऊबाईंचं नाव, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, आणि मग, "यांना अडीचशे रुपये मिळाले." आवाज बाईचा, गोड, पण कुठल्याच गावचा नसलेला. पांढुर्णा हिंदी मुलखात मोडतं, म्हणून बहुतेकांच्या फोनमधली ही बाई हिंदीत बोलते. जाऊबाईंनी हट्टाने मराठी लावून घेतली होती. पडद्यावर जामसांवलीच्या देवळाबाहेर काढलेला तिचा फोटो यायचा, कपाळाला शेंदूर, उन्हाने डोळे बारीक केलेले, आणि शेजारी हिरवी खूण.

समोर मी तिला "बाई" म्हणायचे, "तुम्ही" म्हणायचे. लिहिताना "ती"च येते आहे, तर येऊ दे. आमच्या घरात तिला नावाने हाक मारणारं कोणी नव्हतंच. सासूबाई "थोरली" म्हणायच्या. माझे मोठे दीर "ऐकलं का" म्हणायचे, तेही कमीच. तिची पोरगी "आई" म्हणायची. धाकट्या जावेने थोरलीचं नाव घ्यायचं नसतं, हे मला लग्नाआधी माझ्या आईने बजावलं होतं, आणि बाकी कशात मी कोणाचं ऐकत नसले तरी हे पाळलं. तेवीस वर्षांत तिचं नाव माझ्या तोंडून एकदाही निघालं नाही. घरात ते नाव घेणारा एकटा तो फोन होता. तेव्हा हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

सगळं सुरू झालं मुगवड्यांपासून. जाऊबाईंच्या वड्या हलक्या व्हायच्या, रश्श्यात पडल्या की फुलायच्या. मी सौसरच्या एका खासगी शाळेत शिकवायचे. तिथल्या हेडमास्तरांशी माझं वाजलं, मी राजीनामा टेबलावर ठेवला आणि घरी येऊन बसले. घरी बसून मला करमेना. मोबाइलवर बघून बघून मी एक वेबसाइट उभी केली, तिच्यावर मुगवड्या, कुरड्या आणि काडीवर गुंडाळून वाळवलेले गव्हाचे सरगुंडे यांचे फोटो टाकले. नात्यातले चार लोक घेतील असं वाटलं होतं. पण नागपूर-पुण्याला गेलेली आपल्याकडची माणसं ऑर्डरी देऊ लागली आणि बघता बघता वड्या घालायला चार बाया रोज घरी यायला लागल्या.

पहिलं वर्ष आम्ही माल पोचल्यावर पैसे घेतले आणि पस्तावलो. पुण्याच्या एका बाईने सहा पाकिटं मागवली, कुरिअरवाला दारात गेला तर म्हणाली, आता नको. पाकिटं फिरून परत येईपर्यंत कुरड्यांचा भुगा झाला होता. दुसऱ्या एकाने पैसे पाठवल्याचा फोटो पाठवला, आम्ही विश्वासाने माल पाठवला, पैसे काही आले नाहीत. फोटोच बनवलेला होता. मग मी वेबसाइटला पैसे घेणारी सेवा जोडली. बटण दाबलं की पैसे आधी, माल मागून.

कोणी विचारलं तर मी आजही सांगते, छोट्या दुकानाने ही सेवा घ्यावी. जाऊबाईंना पैसे मागायची लाज वाटायची. ओळखीच्या बाईने "देते नंतर" म्हटलं की ती हसून हो म्हणायची, आणि ते नंतर काही उजाडायचं नाही. यंत्राला कसली आली लाज. ते बिनबोभाट मागतं आणि घेतं. पण त्याची दुखणीही आहेत. शंभरामागे दोन-अडीच रुपये ते कापून घेतात. पैसे दोन दिवस स्वतःपाशीच ठेवतात. गिऱ्हाइकाने तक्रार केली की आधी रक्कम अडकवतात आणि मग आपल्याला विचारतात. आणि अडलं-नडलं तर बोलायला माणूस सापडत नाही. एक दाबा, दोन दाबा. मी एकदा संतापून सगळे आकडे दाबले होते.

खातं जाऊबाईंच्या नावाने उघडलं ते माझ्या सांगण्यावरून. आमच्याकडे घरात काहीही नवं आलं की ते थोरलीच्या नावाने येतं. गॅस तिच्या नावाने, शिलाई मशीन तिच्या नावाने. "माह्या नावानं कायले? मले तं त्यातलं काही समजत नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, "तुम्ही नुसतं कॅमेऱ्यात पाहून हसा, बाई. बाकी मी पाहते." खातं उघडताना ओळख पटवायला कॅमेरा चेहरा बघतो, डोळे मिटायला लावतो, हसायला लावतो. तिचा पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता, म्हणून ती ओठ मिटून एका बाजूने हसायची. तशीच हसली. यंत्राला तेवढं पुरलं.

त्या चैत्रात एका सकाळी वड्या घालता घालता ती डोकं धरून खाली बसली. नागपूरला नेलं. दुसऱ्या दिवशी गेली. तिला घेऊन परत येताना गाडीत मी, मोठे दीर आणि पोरगी होतो. पोरगी तेव्हा बारावी देऊन मोकळी झालेली. आईचे पाय मांडीवर घेऊन ती खिडकीबाहेर बघत बसली होती. गाव जवळ आलं आणि माझ्या पिशवीतून जाऊबाईंचं पूर्ण नाव ऐकू आलं. "यांना सहाशे ऐंशी रुपये मिळाले." कोणीतरी ऑर्डर दिली होती. मोठ्या दिरांनी डोळे मिटून घेतले. पोरीने तेवढी मान वळवून पिशवीकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिली.

ती रडली नाही. त्या दिवशी नाही, दहाव्याला नाही, तेराव्याला नाही.

सवाष्ण गेली म्हणून तिला हिरवी साडी नेसवली, हातात हिरव्या बांगड्या भरल्या. सासूबाईंनी स्वतः तिची ओटी भरली. तांदूळ, हळकुंड, खोबऱ्याची वाटी आणि रुपयाचं एक नाणं. पदराला गाठ मारणं त्यांना जमेना, शेवटी ती मी मारली.

खातं बंद करायला हवं, हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. पण बँकेतल्या ओळखीच्या एकाने हळूच सांगितलं, कळवलं की सगळं थांबेल, वारसाचे कागद लागतील, महिने जातील. ऑर्डरी तर येत होत्या. त्या चार बायांचं घर त्यावर चालत होतं, पोरीची कॉलेजची फी त्यातूनच जायची होती. राहू दे थोडे दिवस, असं आम्ही एकमेकांना म्हणालो. थोडे दिवस म्हणजे किती, हे कोणी बोललं नाही. गिऱ्हाइकांच्या पडद्यावर तिचंच नाव, तिचाच फोटो. "ताई, तब्येत कशी आहे?" असं कोणी विचारलं की मी तिच्या फोनवरून लिहायचे, "छान आहे." पहिल्यांदा लिहिलं तेव्हा बोटं जड झाली. नंतर सवय झाली, आणि त्या सवयीची मला आजही लाज वाटते.

आषाढ लागला आणि रुपया यायला लागला.

दुपारी सव्वाच्या सुमाराला फोन बोलायचा. जाऊबाईंचं नाव, आणि मग, "यांना एक रुपया मिळाला." कुठलीही ऑर्डर नाही, पत्ता नाही, निरोप नाही. पाठवणाऱ्याच्या जागी नुसत्या फुल्या आणि शेवटी दोन आकडे. पहिल्या दिवशी कोणाचं तरी बोट चुकलं असेल म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी सव्वा वाजता मुद्दाम खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. बाहेर कडक ऊन होतं, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. फोन उजळला, तिचा फोटो आला, रुपया मिळाला. मी इतकी दचकले की ओट्यावरचं ताकाचं भांडं सांडलं.

मी काही भोळसट बाई नाही. अंगात येणाऱ्या बाया पाहिल्या की मला हसू येतं. मी हेल्पलाइनला फोन लावला. अर्ध्या तासाने एका मुलीने सांगितलं, कोणी चोर खातं चालू आहे का ते तपासत असेल, रुपया पाठवून बघतात. मला पटलं. मग तिने विचारलं, "नुकसान काही झालं का?" मी म्हटलं, नाही. "मग काळजी करू नका," ती म्हणाली. पण चोर रोज एकाच वेळी का तपासेल? आणि रविवारी रुपया येत नसे.

हे मी सासूबाईंना बोलून गेले, ती माझी चूक. त्या गव्हातले खडे वेचत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "आइतवारी ती मोहगावले जात होती न, मायकडं."

खरं होतं ते. जाऊबाईंचं माहेर मोहगाव, आणि वड्यांना सुट्टी रविवारी.

"अन् रुपया मी तिच्या ओटीत घातला होता," सासूबाई म्हणाल्या. "तो वापस करून राहिली ती. तिले नाई पायजे."

"आई, काहीही बोलू नका," मी ओरडले. त्या दिवसापासून सव्वा वाजायला आला की सासूबाई एक ताट वाढून खिडकीखाली ठेवायच्या. मी चिडायचे आणि ताट उचलायचे. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तिथे असायचं. पुढे पुढे मी ते उचलायचं सोडलं. सव्वाच्या आत स्वयंपाकघरातलं काम उरकून मी बाहेरच्या खोलीत येऊन बसायला लागले. तिथेही ऐकू यायचंच.

भाद्रपदात अविधवा नवमी आली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावाने त्या दिवशी एक सवाष्ण जेवायला बसवतात. नुसतं जेवण नसतं ते. तिला गेलेलीची साडी नेसवायची, पाय धुवायचे, हळदी-कुंकू लावायचं, आणि तेवढा वेळ तिला गेलेलीच समजायचं. समोरच्या घरातली सवाष्ण आम्ही बोलावली. तिला जाऊबाईंची जांभळी साडी नेसवली. पोरगी घरी थांबली नाही, नेहमीच्या बसने सौसरला कॉलेजला गेली. आईच्या साडीत दुसरी बाई तिला बघवणार नाही, असं मला वाटलं आणि मी आग्रह केला नाही.

सासूबाई पानासमोर बसून सवाष्णीला म्हणत होत्या, "पोटभर जेव वं माय. काही राह्यलं असन तं सांग." ती बिचारी वड्यांची भाजी आणि भात कालवत मान हलवत होती. तेवढ्यात खिडकीतून जाऊबाईंचं नाव आलं. "यांना एक रुपया मिळाला." सवाष्णीचा घास हातातच राहिला. तिने आमच्याकडे पाहिलं, आम्ही एकमेकींकडे पाहिलं. भात तसाच टाकून ती उठली. नेसलेली साडी तिचीच व्हायची असते, पण दुसऱ्या दिवशी घडी घालून तिने ती परत आणून दिली. "मले नोको, राहू द्या," एवढंच म्हणाली. ती घडी मी कपाटात ठेवली.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी जाऊबाईंच्या फोनवर कंपनीचा निरोप आला. प्रिय ग्राहक, आपली ओळख पुन्हा पटवणे आवश्यक आहे. सात दिवसांत कॅमेऱ्यासमोर या, अन्यथा आपली सेवा थांबवली जाईल. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी नुकत्या लागायला लागल्या होत्या. मैदा भरून ठेवला होता. मी तो निरोप घरात मोठ्याने वाचून दाखवला. मोठे दीर उठून तिगावला संत्र्यांच्या बागेत निघून गेले. मी म्हटलं, "संपलं. आता मेलेल्या बाईला कॅमेऱ्यासमोर कुठून आणू?"

"तिच्या नावानं बसव न कोणाले," सासूबाई म्हणाल्या. "नवमीले नाही बसवली का आपण?"

बाहेरच्या कोणाला हे सुचलं नसतं. सुचलं असतं तरी त्याला फसवणूक म्हणतात हे त्याला लगेच कळलं असतं. आम्हाला ते नवमीसारखं वाटलं. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही कोणाला तरी कोणाच्या तरी जागी बसवत आलो आहोत, पाय धुवत आलो आहोत. आणि पोरगी, जी एवढा वेळ दाराला टेकून उभी होती, म्हणाली, "मी बसते."

मी तिला बघितलं. एकोणीस वर्षांची, आईचाच चेहरा, तीच हनुवटी, तेच बारीक डोळे. मी हो म्हटलं नाही. पण मंगळवारी दुपारी कपाटातून जांभळी साडी मीच काढली.

तिने कॉलेज बुडवलं होतं. साडी नेसली, केस आईसारखे मागे घट्ट बांधले, कुंकू लावलं, आईचा चष्मा घातला. खिडकीखाली जिथे ताट असायचं तिथे ती पाटावर बसली, उजेड तोंडावर यावा म्हणून. मी समोर फोन धरला. पडद्यावर गोल आला, गोलात तिचा चेहरा. फोनमधली बाई सांगू लागली. "डोळे मिटा." तिने मिटले. "डोळे उघडा." तिने उघडले. "मान डावीकडे वळवा. हसा." ती हसली. चाक फिरत राहिलं, आणि मग लाल अक्षरं आली. चेहरा जुळला नाही.

माझा जीव भांड्यात पडला, खरं सांगते. "बरं झालं," मी म्हटलं. "ऊठ. नाही करायचं आपल्याला हे."

"थांबा काकू," ती म्हणाली. "मी माह्यासारखी हसली." तिने एकदा डोळे मिटले. मग उघडून तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं, ओठ मिटले आणि एका बाजूने हसली. तिचे दात सरळ होते, लपवायला काही नव्हतं. तरी ती दात लपवून हसली. हिरवी खूण आली. जाऊबाईंचं पूर्ण नाव, आणि खाली, आपली ओळख पटली आहे, धन्यवाद.

सासूबाईंनी हात जोडले. फोनला नाही, पोरीला.

मला वाटलं आता ती उठेल, साडी सोडेल, हसेल. ती उठली नाही. तशीच बसून राहिली, आणि छताकडे बघत म्हणाली, "वड्या काढल्या का उन्हातून? आभाळ येऊन राहिलं." आवाज तिचा होता, पण बोलणं जाऊबाईंचं होतं, शब्द न् शब्द. रोज दुपारी तिची आई हेच विचारायची. त्या दिवशी गच्चीवर वड्या नव्हत्या आणि आभाळही नव्हतं. पण सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "काढते वं माय," म्हणाल्या आणि जिन्याकडे चालू लागल्या.

भीती म्हणजे काय ते मला त्या भर दुपारी कळलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी घड्याळ बघितलं. एक वाजून पंचवीस मिनिटं झाली होती, आणि माझ्या हातातला फोन गप्प होता.

"आज रुपया नाही आला," मी म्हटलं.

"कसा येईन?" ती त्याच हसण्यात म्हणाली. "आज मी घरीच आहे न."

थोडा वेळ मला समजलंच नाही. मग समजलं. आषाढात कॉलेज उघडलं होतं. रविवारी कॉलेज नसतं. आणि सव्वा वाजता, शाळेत असल्यापासून, तिची आई तिला रोज फोन करायची, डबा खाल्ला का म्हणून. इतकी उघड गोष्ट, आणि मी, शहाणी, हेल्पलाइनला फोन लावत बसले होते.

मी तिच्यासमोर खालीच बसले. "काहून पाठवते वं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, आणि मला तो आवरत नव्हता. "तुझ्या आजीचं काय झालं पाहिलं का? माझं काय झालं?"

"रुपया पाठवला की आईचा फोटो येते," ती म्हणाली. "यांना मिळाला म्हणते. मिळाला म्हणजे घ्यायले कोणी आहे न, काकू?" मग चष्मा काढून मांडीवर ठेवला. "अन् इथं खिडकीत तिचं नाव निघते. तुम्ही तं कोणी घेतच नाही तिचं नाव. मले वाटे, दिवसातून एकदा तरी घरात निघालं पाहिजे."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. जमलं नाही. तिला मोरीवर नेऊन तोंड धुवायला लावलं. कुंकू पुसायला माझा हात धजेना, तिनेच धुतलं. तेवढ्यात सासूबाई गच्चीवरून रिकाम्या हाताने खाली आल्या आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या, कशाला वर गेलो होतो ते आठवत नसल्यासारख्या. त्या क्षणी मी ठरवलं. दुकान बुडालं तर बुडालं. या मुलीला मी तिच्या आईच्या जागी आणखी एक दिवस बसू देणार नव्हते.

सासूबाई भांडल्या. वड्या घालणाऱ्या बाया गप्प राहिल्या, ते जास्त लागलं. मोठ्या दिरांनी सगळं ऐकून घेतलं, आतून मृत्यूचा दाखला आणून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "टाक लिहून."

लिहून टाकणं सोपं नव्हतं. कंपनीच्या यादीत पत्ता बदलायची सोय होती, मोबाइल नंबर बदलायची होती, दुकानाचं नाव बदलायची होती. खातेदार वारला, असं सांगायला जागाच नव्हती. हेल्पलाइनवर सांगितलं, नोंदवलेल्या नंबरवरूनच बोला. म्हणून मी जाऊबाईंच्या फोनवरून बोलले. पलीकडच्या मुलाने तिचं नाव घेऊन मला नमस्कार केला. मी म्हटलं, "त्या वारल्या. मी त्यांची धाकटी जाऊ." तो म्हणाला, "वाईट वाटलं ऐकून. खातेदारांशी बोलणं होऊ शकेल का?" मला हसू आलं आणि त्या हसण्याचीच भीती वाटली. मग तो जरा थांबला. "मॅडम, त्या तर मंगळवारी कॅमेऱ्यासमोर येऊन गेल्या आहेत. आमच्याकडे दिसतंय."

"ती त्यांची मुलगी होती," मी म्हटलं. "आम्ही बसवली होती."

मग त्याने दाखला कुठे पाठवायचा ते सांगितलं, आणि चौकशी होईपर्यंत जमा रक्कम अडकून राहील हेही. मी तक्रार केली नाही. कोणत्या तोंडाने करणार?

त्या दिवाळीत आम्ही एकही पाकीट पाठवलं नाही. चार बायांपैकी दोघी कापूस वेचायला गेल्या, एक अजून माझ्याशी नीट बोलत नाही. आता दुकान पुन्हा चालू आहे, माझ्या नावाने. मला कॅमेऱ्याने हसायला सांगितलं तेव्हा मी तीनदा नापास झाले. नवऱ्याला आणि पोरीला मी एका कागदावर लिहून दिलं आहे की मी गेले तर कुठे कळवायचं, आणि माझ्या नावाने कोणालाही बसवायचं नाही. कागद गॅसच्या पुस्तकात आहे.

पण मला सांगायचं होतं ते खातं बंद झालं त्या दिवसाचं. दाखला पाठवल्यावर मी पोरीला सांगून ठेवलं होतं की आता कधीही बंद होईल. ती मान हलवून "हाव" म्हणाली. रुपया पाठवू नको, असं मी म्हटलं नाही. रोज सव्वा वाजता तो येत राहिला, आणि आता मी बाहेरच्या खोलीत पळत नव्हते, ओट्यापाशी उभी राहून ऐकत होते. एका गुरुवारी सव्वा वाजला, दीड वाजला, खिडकी गप्प. सासूबाईंनी ताट वाढलं नव्हतं. काय ते त्यांना कळलं असावं.

पोरगी नेहमीच्या बसने आली. चप्पल दारात न काढता थेट स्वयंपाकघरात आली आणि फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर फोटो नव्हता, नाव नव्हतं. आपला रुपया आपल्या खात्यात परत करण्यात आला आहे.

"आईनं नाही घेतला, काकू," ती म्हणाली. "वापस केला."

आणि मग ती रडली. चैत्रात रडायची राहिली होती, ते सगळं. खिडकीखाली जमिनीवर बसून, तोंडात ओढणी कोंबून. सासूबाई दारात येऊन थांबल्या, मोठे दीर मागे. कोणाला पुढे व्हायचं सुचेना. खिडकीतला फोन काळा होता. घर इतकं शांत होतं की मला ते सहन होईना.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. पण त्या दुपारी ते मी मोठ्याने घेतलं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा, माझ्या थोरल्या जावेचं, तिच्या सासूसमोर, तिच्या नवऱ्यासमोर, पूर्ण, आडनावासकट, फोन घ्यायचा तसं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

पोरीने मान वर केली.

"अजून एकदा घ्या, काकू," ती म्हणाली.